ओळख तळाशी होती: हिमोढावरच्या एका गवताचं प्रकरण

ऱ्होन हिमनदीच्या तोंडाजवळच्या कोवळ्या हिमोढावरून, म्हणजे बर्फाने मागे टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावरून, साधारण २,२०० मीटर उंचीवरून गोळा केलेला गवताचा एक नमुना ओळख पटवण्यासाठी माझ्याकडे आला. त्याच्यासोबत तीन वेगवेगळी मतंही आली. कागदावरच्या चिठ्ठीत ‘फेस्टुका व्हिविपारा’ असं नाव होतं. कुणीतरी ते खोडून खाली ‘पोआ बल्बोसा?’ असं लिहिलं होतं. आणि गोळा करणाऱ्याच्या वहीत नोंद होती की ऑगस्टभर पाऊस आणि धुकं असल्यामुळे गवताचं बी तुऱ्यातच रुजलं आहे, तेव्हा पुढच्या वर्षी नीट फुललेला नमुना मिळेपर्यंत ओळखीची घाई करू नये.

तिन्ही मतांचं मूळ एकच होतं. तुऱ्यात फुलं नव्हती, दाणे नव्हते. त्यांच्या जागी दोन-तीन पानांची इवली हिरवी रोपटी दाटीने बसली होती आणि त्यांच्या भाराने तुरा एका बाजूला कलला होता. उंच डोंगरातल्या गवतांमध्ये यापेक्षा लक्षवेधी दृश्य क्वचितच दिसतं, आणि पाहणाऱ्याची नजर त्यावरच खिळते यात नवल नाही. पण प्रजाती ठरवताना हा गुण जवळपास निरुपयोगी ठरतो, कारण एकमेकांशी फार जवळचं नातं नसलेली अनेक गवतं हेच करतात. शिवाय तो आणखी एक नुकसान करतो: गवतांच्या ओळख-किल्ल्या, म्हणजे एकेक प्रश्न विचारत नावापर्यंत नेणारे तक्ते, ज्या अवयवांवर उभ्या असतात, नेमके तेच अवयव तो नाहीसे करतो. हा नमुना त्यामुळेच सविस्तर मांडावासा वाटला.

नमुना आणि त्याची जागा

ऱ्होन हिमनदी स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात, फुर्का खिंडीच्या पश्चिमेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिची जीभ खाली ग्लेचच्या सपाटीपर्यंत, म्हणजे सुमारे १,७६० मीटरपर्यंत पोचलेली होती. १८७४ पासून तिची पद्धतशीर मोजमापं झाली, त्यामुळे मागे हटत गेलेल्या बर्फाखालून कोणती जमीन साधारण कधी उघडी पडली याचा अंदाज इथे बऱ्यापैकी बांधता येतो. वनस्पती नव्या जमिनीवर कोणत्या क्रमाने येतात हे पाहण्यासाठी अशा जागा फार मोलाच्या असतात. हा नमुना गोळा करणाऱ्या गटाचं कामही तेच होतं. कुणी बी पेरलेलं नसताना कोवळ्या हिमोढावर कोणती गवतं आपसूक येतात याची यादी ते करत होते, आणि पुढे उतारांची धूप थांबवण्यासाठी कोणतं गवत लावावं हे त्या यादीवरून ठरणार होतं. म्हणून नाव चुकून चालणार नव्हतं.

चिठ्ठीवर जागेचं वर्णन चांगलं होतं: ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांचा चुरा, वितळपाण्याचा ओलावा, शेजारी ऑक्सिरिया डिगायना आणि एपिलोबियम फ्लायशेरी. ठोंब मुठीत मावेल एवढा होता. त्याला चार तुरे होते आणि सर्वांत उंच काडी वीतभर होती. आणि त्यांनी ठोंब मुळासकट, मातीसकट उपटून आणला होता. या एका गोष्टीबद्दल मला त्या गटाचं मनापासून कौतुक आहे. गवताचा नमुना म्हणून बहुतेक लोक वरचा तुरा तोडून आणतात. तसं झालं असतं तर पुढचं काहीच लिहिता आलं नसतं.

बी रुजलं होतं का?

सर्वांत आधी हा प्रश्न मिटवणं भाग होतं, कारण उत्तर ‘हो’ असतं तर नमुना खरोखरच निकामी होता. बी झाडावरच रुजणं ही गोष्ट वनस्पतींत खरी आहे. खारफुटीतल्या कांदळाचं बी फळात असतानाच रुजतं आणि त्याचा लांब दांडा फांदीला लटकत वाढतो. ओल्या हंगामात उभ्या पिकाचे दाणेही कणसातच कोंब धरतात. दोन्ही ठिकाणी आधी फूल येतं, परागण होतं, गर्भ तयार होतो आणि मग रोप येतं.

तुऱ्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून एकेक रोपटं काढून ती गरम पाण्यात, साबणाच्या एका थेंबासह, मऊ होईपर्यंत ठेवली. वाळलेल्या गवताचे भाग याशिवाय उलगडत नाहीत. जोर केला तर तुटतात आणि तुटलेल्या तुकड्यावरून काहीही सिद्ध करता येतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक थर बाजूला केला.

तळाशी दोन ग्लूम होते. गवताच्या प्रत्येक कणिशकाला, म्हणजे तुऱ्यातल्या फुलांच्या छोट्या घोसाला, खालून धरणारी ही दोन कोरडी, खवल्यासारखी पानं असतात, आणि इथे ती अगदी नेहमीसारखी, शाबूत होती. त्यांच्यावर जिथे पहिल्या फुलाचा लेमा, म्हणजे फुलाला बाहेरून झाकणारं कवच असायला हवं, तिथे एक विचित्र अवयव होता. खालचा अर्धा भाग रुंद आणि पातळ कडांचा, लेमासारखाच. वरचा अर्धा भाग मात्र ताणला जाऊन हिरवं पातं झालेला. दोन्हींच्या सांध्यावर पडद्यासारखी बारीकशी पट्टीही उठलेली. त्याच्या पुढचा अवयव पूर्ण पान होता: पर्णकोष (पानाचा खोडाला वेढणारा खालचा भाग), पातं, सगळं. त्याच्या आत आणखी एक पान आणि मध्यभागी वाढता कोंब. तळाशी पांढरे उंचवटे होते, मुळांच्या सुरुवाती, आणि एका रोपट्यात तर एक मूळ बाहेर पडू लागलं होतं.

दाणा कुठेच नव्हता. दाण्याचं रिकामं टरफल नव्हतं, बीजातून येणारं पहिलं मूळ नव्हतं, कोवळ्या कोंबाला झाकणारी टोपणासारखी खोळही नव्हती. पुंकेसर किंवा अंडाशय यांचा मागमूस नव्हता. म्हणजे इथे फूल कधी झालंच नव्हतं. कणिशक तयार होऊ लागलं, ग्लूम झाले, आणि त्यानंतर वाढत्या टोकाने फुलाचा रस्ता सोडून पानांचा रस्ता धरला. वनस्पतिशास्त्रात याला आभासी जरायुजता म्हणतात. खऱ्या जरायुजतेतलं रोप लैंगिक प्रजननातून येतं; इथलं रोपटं हा मूळ ठोंबाचाच तुकडा असतो, त्याच जनुकांचा.

पावसाचा मुद्दा दुसऱ्या बाजूनेही टिकत नव्हता. पावसाने दाणे रुजतात तेव्हा काही रुजलेले, काही फुगलेले, काही तसेच कोरडे असं मिश्रण सापडतं. या तुऱ्यात जवळपास प्रत्येक कणिशक एकाच पायरीवर होतं.

किल्ली कुठे अडते

पोआ हे तृणकुलातलं मोठं प्रजातीकुल आहे, जगभरात पाचशेच्या आसपास प्रजाती असलेलं. त्यांच्यात फरक करताना किल्ली पहिल्या काही पायऱ्यांतच विचारते: लेमाच्या तळाशी कापसासारखे गुंतलेले लांब केस आहेत का? लेमाच्या कण्यावर, म्हणजे मधल्या दुमडीवर, आणि कडेच्या शिरांवर केस आहेत का? शिरांच्या मधल्या जागेत आहेत का? परागकोश किती लांब आहेत? इथे लेमाचं पान झालं होतं आणि परागकोश नव्हतेच. फेस्टुका किंवा डेशाम्प्सिया या गवतांच्या किल्ल्यांतही हीच गत होते, कारण त्याही कुसळाची लांबी आणि लेमाचं टोक विचारतात.

अशा वेळी दोन चुका होतात. एक, ‘रोपटी धरणारं गवत’ असं शोधून जे पहिलं नाव मिळेल ते लावणं. चिठ्ठीवरचं फेस्टुका व्हिविपारा हे नाव असंच आलं असावं, कारण नावातच ‘जरायुज’ आहे. दुसरी, नमुना बाजूला ठेवून देणं. दोन्हींच्या मध्ये एक रस्ता आहे, आणि तो तुऱ्याकडे पाठ फिरवून पानांकडे, फुटव्यांकडे आणि तळाकडे जातो.

प्रजातीकुल ठरवताना

फेस्टुका व्हिविपारा बाद करायला भिंगसुद्धा लागलं नाही. त्याची पानं मिटलेली, सुईसारखी बारीक असतात, एक मिलिमीटरही रुंद नसतात. आपल्या ठोंबाची तळाची पानं सपाट होती, तीन ते चार मिलिमीटर रुंद, जाडसर, आखूड आणि ताठ. शिवाय ते गवत ब्रिटिश बेटं, स्कॅन्डिनेव्हिया, आइसलँड अशा उत्तरेकडच्या मुलखातलं आहे. पण भूगोलाचा पुरावा मी शेवटी ठेवते. आधी नकाशा उघडला की डोळे नकाशात बसेल तेवढंच पाहतात.

डेशाम्प्सिया हा दुसरा संशयित. उत्तरेकडच्या डोंगरांत त्याचाही रोपटी धरणारा प्रकार आहे आणि आल्प्सच्या पायथ्याशी कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावर त्याचा एक अगदी मर्यादित जागेतला नातेवाईक हेच करतो. पण डेशाम्प्सियाच्या पात्यावर उंच, खरखरीत उभे कंगोरे असतात. उलट दिशेने बोट फिरवलं तर पातं कापतं. आपलं पातं गुळगुळीत होतं, आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक उथळ खाच, बाकी पृष्ठभाग सपाट. टोकाशी पातं एकाएकी निमुळतं होऊन होडीच्या नाळेसारखं वळलेलं होतं; दोन बोटांत दाबलं की टोकाशी दुभंगत होतं.

ही जोडखाच आणि हे टोक म्हणजे पोआची खूण, असं शिकवलं जातं आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं. तरी हे गुण एकट्या पोआचे नाहीत. आल्प्सच्याच आम्ल जमिनीवरच्या कुरणांत वाढणाऱ्या हेलिक्टोट्रायकॉन व्हर्सिकलरच्या पात्यालाही जोडखाच असते, आणि चुनखडीवरच्या सेस्लेरियाचं टोकही असंच वळलेलं असतं. इथे ग्लूमनी मदत केली. रोपट्यांच्या तळाशी शाबूत राहिलेले ग्लूम चारेक मिलिमीटरचे, रुंद अंडाकृती, कण्यावर दुमडलेले, तीन शिरांचे, जांभळट छटेचे आणि पातळ पांढऱ्या कडेचे होते. हेलिक्टोट्रायकॉनचे ग्लूम यापेक्षा कितीतरी मोठे असतात, आणि सेस्लेरियाचा तुरा घट्ट, कणसासारखा असतो. इथला तुरा मोकळा, फांद्यांचा. तेव्हा पोआ हे पक्कं झालं.

तळ

आता प्रजाती. चिठ्ठीवर दुसरं नाव पोआ बल्बोसाचं होतं आणि ते नाव लिहिणाऱ्याने विचार केला होता हे मान्य करायला हवं. पोआ बल्बोसाही तुऱ्यात रोपटी धरतं, आणि आपल्या ठोंबाचा तळ खरोखर फुगीर दिसत होता. पण तळ फुगीर का आहे, हे वरून कळत नाही.

एक फुटवा वेगळा करून तळाशी उभा चिरला. पोआ बल्बोसात प्रत्येक फुटव्याच्या तळाशी मांसल पर्णतळांची खरी कांदी बनलेली असते. तिच्यात साठवण असते आणि उन्हाळा कोरडा पडला की वरची पानं वाळून ती कांदी मागे उरते. आपल्या फुटव्यात मांसल असं काही नव्हतं. जाडी आली होती जुन्या, मेलेल्या पर्णकोषांमुळे: फिकट तपकिरी, कागदासारखे थर एकावर एक, बाहेरचे झिजून तंतू झालेले, आतले अजून अखंड. गेल्या कित्येक हंगामांची पानं गळून गेली होती, पण त्यांचे कोष जागेवर राहून फुटव्याभोवती घट्ट वेढा झाला होता. आणि ऑगस्टअखेर पानं हिरवीगार होती, जेव्हा कोरड्या, सखल जागी वाढणारं पोआ बल्बोसा केव्हाच वाळून गेलेलं असतं.

त्याच चिरेत आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नवे फुटवे जुन्या पर्णकोषाच्या आतूनच, खोडाला चिकटून, सरळ वर येत होते. एकही फुटवा पर्णकोष फोडून बाजूला निघालेला नव्हता, आणि जमिनीखालून धावणारं खोड कुठेच नव्हतं. गवताची सगळी ठेवण या एका गोष्टीवर ठरते. फुटवे आतून वर आले तर घट्ट ठोंब बनतो. कोष फोडून बाहेर आले तर गवत जमिनीखालून पसरत जातं आणि गालिचा बनतो. पोआ प्राटेन्सिस आणि डोंगराळ चुऱ्यावर लांब पसरणारं पोआ सेनिसिया या दुसऱ्या गटातली आहेत. तेव्हा ती दोन्ही इथेच गळाली. पोआ सुपिना तर जमिनीवर लोळत मुळं धरतं आणि त्याच्या तळाशी जुन्या कोषांचा असा वेढा नसतो, तेही गेलं.

राहिलं पोआ लॅक्सा. याला सहजासहजी सोडता येत नव्हतं. सिलिकायुक्त दगडचुऱ्यावर, याच उंचीवर, याच हिमोढांवर ते वाढतं, तेही ठोंब करतं आणि त्याच गटाच्या यादीत त्याचं नाव आधीपासून होतं. फरक लिग्यूलमध्ये होता. पातं आणि पर्णकोष यांच्या सांध्यावर आतल्या बाजूने जी पातळ पडद्यासारखी पट्टी असते, ती. पोआ लॅक्सात ती फुलकाडीवरच्या पानांत आणि तळाच्या बिनफुलांच्या फुटव्यांतही लांब आणि टोकेरी असते. आपल्या नमुन्यात फुलकाडीच्या वरच्या पानाची पट्टी जवळपास चार मिलिमीटर होती, पण तळाच्या फुटव्यांवर ती जेमतेम एक मिलिमीटर, बोथट, कापल्यासारखी. नुसतं फुलकाडीवरचं पान पाहिलं असतं तर हा फरक निसटला असता. पात्याची रुंदीही जुळत नव्हती: पोआ लॅक्साचं पातं एक ते दोन मिलिमीटरचं, मऊ आणि निमुळतं असतं.

आता सगळं एका दिशेने बोट दाखवत होतं. घट्ट ठोंब, तळाशी जुन्या कोषांचा वेढा, आखूड रुंद ताठ पातं आणि एकाएकी वळलेलं टोक, फुटव्यांवर आखूड पण काडीवर लांब लिग्यूल, रुंद अंडाकृती ग्लूम, तुऱ्याच्या खालच्या पेरांवर दोन-दोन गुळगुळीत फांद्या. हे पोआ अल्पिना. आल्प्सच्या कुरणांतलं हे अतिपरिचित गवत. गुराखी त्याला उत्तम चाऱ्यात मोजतात. ते नव्या हिमोढावरही लवकर पोचतं. युरोपातल्या बहुतेक उंच पर्वतरांगा, स्कॅन्डिनेव्हिया, आइसलँड, ग्रीनलँड, कॉकेशस, हिमालय आणि उत्तर अमेरिकेचे रॉकी पर्वत एवढा त्याचा विस्तार आहे.

तरी एक शंका उरत होती. पोआ अल्पिना आणि पोआ लॅक्साचं जवळचं नातेवाईक पोआ फ्लेक्सुओसा यांचा संकर, पोआ जेम्टलँडिका, स्कॉटलंड आणि स्कॅन्डिनेव्हियाच्या डोंगरांत सापडतो आणि तोही रोपटी धरतो. त्याचे गुण दोघांच्या मधले असतात: पानं अल्पिनापेक्षा अरुंद, तळ सडसडीत. आपल्या नमुन्यात मधलं असं काहीच नव्हतं, प्रत्येक गुण स्पष्टपणे अल्पिनाच्या बाजूला पडत होता.

एक कणिशक

ओळख इथे पुरेशी झाली होती, पण फुलाचा एकही पुरावा नसताना नाव लिहिणं मला पटेना. म्हणून चारही तुऱ्यांतली कणिशकं खालपासून वरपर्यंत पाहिली. रोपटी धरणाऱ्या तुऱ्यांत बदल सगळीकडे सारखाच पूर्ण झालेला असेल असं नसतं. कधी कधी एखाद्या कणिशकाचा सर्वांत खालचा लेमा जवळपास मूळ रूपात राहतो.

सर्वांत छोट्या तुऱ्याच्या खालच्या फांदीवर तसं एक कणिशक मिळालं. त्याचा पहिला लेमा किंचित लांबलेला, पण पान न झालेला होता. कण्यावर आणि कडेच्या शिरांवर मऊ, दाट केस; तळाकडे शिरांच्या मधल्या जागेतही तुरळक केस. आणि अगदी तळाशी, जिथे पोआ प्राटेन्सिस किंवा पोआ नेमोरॅलिस यांच्यात कापसाचा पुंजका असतो, तिथे काहीही नाही. पोआ अल्पिनाचं वर्णन असंच आहे. पुरावा एका लेमाचा आहे हे खरं, पण पानं आणि तळ जे सांगत होते तेच तो स्वतंत्रपणे सांगत होता.

मोजणीने काय सुटलं नसतं

कुणीतरी विचारलं की गुणसूत्रं मोजून हा वाद एकदाचा का मिटवू नये. पोआ अल्पिनाच्या बाबतीत ती मोजणी फारशी उपयोगी नाही, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. या प्रजातीकुलाचा मूळ संच सात गुणसूत्रांचा. पण पोआ अल्पिनात पेशीतली संख्या विशीच्या पुढून सत्तरीपर्यंत काहीही सापडते, आणि अनेकदा ती सातच्या पटीतही नसते. बी धरणाऱ्या ठोंबांपैकी काही लैंगिक प्रजननाने बी करतात, तर काहींत फलनाशिवायच गर्भ तयार होतो. त्यामुळे विषम संख्येची रोपंही पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात. स्वीडिश आनुवंशिकीतज्ज्ञ आर्ने म्युन्ट्सिंग यांनी १९४० च्या दशकात यात आणखी एक गोष्ट दाखवली: काही ठोंबांत नेहमीच्या गुणसूत्रांशिवाय जादा गुणसूत्रंही असतात, आणि ती परागकोशातल्या पेशींत दिसतात पण मुळांत नसतात. मोजणी तर सहसा मुळांच्या टोकांवरच करतात. तेव्हा इथे एखादा आकडा हाती आला असता, नाव नाही.

आता नाव कसं लिहायचं

लिनियसने १७५३ मध्ये पोआ अल्पिनाचं वर्णन केलं तेव्हाच रोपटी धरणाऱ्या प्रकाराला ‘व्हिविपारा’ हे वेगळं उपनाव दिलं होतं. ते अजूनही वापरलं जातं. प्रश्न असा की हा प्रकार खरोखर वेगळा आहे, की जागेने घडवलेला.

या नमुन्यापुरतं थोडं उत्तर मिळालं. गोळा करणाऱ्यांनी त्याच ठोंबाची काही रोपटी दरीत, बऱ्याच कमी उंचीवर, कुंडीत लावली होती. ती लगेच रुजली. हिवाळा बाहेर काढल्यावर पुढच्या उन्हाळ्यात त्यांना तुरे आले, आणि त्या तुऱ्यांतही पुन्हा रोपटीच होती. म्हणजे हिमोढावरचं धुकं आणि पाऊस हे कारण नव्हतं. गुण ठोंबाच्या आतला होता. आल्प्समध्ये बी धरणारे आणि रोपटी धरणारे ठोंब दोन्ही सापडतात, आणि जसजसं वर जावं तसतसं रोपटी धरणाऱ्यांचं प्रमाण वाढत जातं हे स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. उन्हाळा इतका आखूड असतो की फुलापासून पिकलेल्या दाण्यापर्यंतचा प्रवास पुरा होईलच याची खात्री नसते. रोपटं मात्र तुऱ्यावर असतानाच हिरव्या पानांनी स्वतःचं अन्न बनवू लागतं आणि जमिनीला टेकताच मुळं सोडतं. त्याची किंमतही आहे. बी जमिनीत थांबून राहू शकतं. रोपट्याला ती सवड नाही, त्याच हंगामात रुजलं नाही तर संपलं.

पण गुण आतला आहे म्हणजे तो अढळ आहे असंही नाही. फ्रिट्झ हान्स श्वार्झेनबाख यांनी १९५६ मध्ये ग्रीनलँडच्या एका वाणावर काम करून दाखवलं की तिथे प्रकाश आणि तापमानाच्या ऋतूनुसार बदलण्याचा रोपटी धरण्यावर परिणाम होतो. नॉर्वेचे ओला हाइडे यांनी १९८९ मध्ये आर्क्टिकमधल्या दोन पोआ प्रजातींवर, बी धरणाऱ्या आणि रोपटी धरणाऱ्या अशा दोन्ही समूहांत, फुलण्यावर दिवसाच्या लांबीचा आणि तापमानाचा काय परिणाम होतो ते तपासलं. एकाच गवताचा एकच तुरा दोन टोकांच्या मध्ये कुठेही थांबू शकतो, आणि आपल्या नमुन्यातला तो अर्धवट लेमा याचाच पुरावा आहे. म्हणून मला ‘व्हिविपारा’ला वेगळ्या जीवाचं नाव म्हणून वापरणं पटत नाही. प्रजाती आधी लिहावी, आणि तुऱ्याची अवस्था वेगळ्या ओळीत, निरीक्षण म्हणून नोंदवावी.

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर शेवटी असं लिहिलं: पोआ अल्पिना. तुऱ्यात रोपटी, कणिशकं जवळपास सर्व रूपांतरित, एका कणिशकात खालचा लेमा शाबूत, तळाशी केसांचा पुंजका नाही. फुटवे पर्णकोषाच्या आतून. तळाच्या फुटव्यांवर लिग्यूल एक मिलिमीटर, बोथट. जुनी चिठ्ठी तिच्यावरच्या दोन्ही नावांसकट त्याच कागदावर राहू दिली, नवी तिच्या खाली चिकटवली. पुढच्या अभ्यासकाला आधी काय वाटलं होतं हेही दिसायला हवं. उलगडलेली तिन्ही रोपटी आणि ते एक कणिशक लहान पाकिटात घालून सोबत ठेवलं.

गटाच्या यादीवर याचा परिणाम झाला. त्याच हिमोढावरचे, पोआ लॅक्सा म्हणून नोंदलेले कागद फुटव्यांवरच्या लिग्यूलच्या आधारे पुन्हा पाहिले. बहुतेक बरोबर होते, पण फुलं नसलेला एक ठोंब पोआ अल्पिनाचा निघाला. यादीत पोआ अल्पिनापुढे आता दोन रकाने आहेत, बी धरणारे ठोंब आणि रोपटी धरणारे ठोंब. आणि तो फरक कागदापुरता नाही. आल्प्समध्ये उंचावरच्या उघड्या पडलेल्या उतारांसाठी पोआ अल्पिनाचं बी विकत मिळतं. ते साहजिकच बी धरणाऱ्या वाणांचं असतं आणि खाली शेतांत वाढवलेलं असतं. हिमोढावर आपसूक आलेले ठोंब जर मुख्यतः रोपटी धरणारे असतील, तर तेच नाव असलेलं विकतचं बी पेरणं म्हणजे तिथे दुसऱ्या ठिकाणचं गवत आणणं होईल. गटाने त्या उतारासाठी बियाण्याची मागणी थांबवली आहे, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तिथल्याच तुऱ्यांवरची रोपटी गोळा करून लावून पाहायचं ठरवलं आहे.